पेशींच्या संदेशांतून कर्करोगावर उपचार. मुंबईतील संशोधनाची खरी कसोटी काशीत

वाराणसी : कार्तिक महिन्यात पंचगंगा घाटावर आकाशदिवे लागतात आणि अहिल्याबाई होळकर यांच्या नावाशी जोडलेला हजारा दीपस्तंभ उजळतो, तेव्हा देशभरातील भाविक काशीत येतात. याच शहरात वर्षभर आणखी एक गर्दी असते, ती कर्करुग्णांची. पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधील जे रुग्ण एकेकाळी मुंबईच्या परळची वाट धरत, त्यांच्यासाठी आता बनारस हिंदू विद्यापीठाच्या परिसरात महामना पंडित मदन मोहन मालवीय कर्करोग केंद्र आणि लहरतारा येथे होमी भाभा कर्करोग रुग्णालय आहे. टाटा स्मारक केंद्राच्या या दोन्ही संस्थांचे उद्घाटन १९ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी घराजवळ आली. रोगप्रतिकारशक्तीला बळ देणारे नवे उपचारही याच वाटेने येतील का, हा आता खरा प्रश्न आहे.

या उपचारांच्या मुळाशी सायटोकाइन नावाची लहान प्रथिने आहेत. रोगप्रतिकारक पेशी त्यांच्याद्वारे एकमेकींना संदेश देतात. १९५७ मध्ये शोध लागलेले इंटरफेरॉन हे त्यांपैकीच एक. मात्र हा संदेश दुधारी असतो. इंटरफेरॉन-गॅमा पेशींना कर्करोगावर हल्ला करण्यास प्रवृत्त करते. परंतु त्याच संदेशाला प्रतिसाद म्हणून कर्करोगाची पेशी आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल१ हे प्रथिन आणते आणि हल्लेखोर पेशींना थोपवते.

आयआयटी मुंबईचे प्रा. राहुल पुरवार यांचे संशोधन याच क्षेत्रातील आहे. अमेरिकेत कार्यरत असताना २०१२ मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की इंटरल्युकिन-९ हे सायटोकाइन स्रवणाऱ्या टी-पेशी मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाची वाढ प्रभावीपणे रोखतात. भारतात परतल्यावर त्यांनी कार-टी पेशी उपचाराचे काम हाती घेतले. यात रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी बाहेर काढून, त्यांत कर्करोगाची पेशी ओळखणारे जनुक बसवून, त्या वाढवून पुन्हा शरीरात सोडल्या जातात. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. हसमुख जैन आणि डॉ. गौरव नरूला यांच्या सहभागाने चाचण्या झालेल्या 'नेक्सकार१९' या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियामकांची मंजुरी मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तो देशाला अर्पण केला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या रक्ताच्या कर्करोगांत सुमारे ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला.

या उपचाराचा मोठा धोकाही सायटोकाइनचाच आहे. सोडलेल्या पेशी एकाच वेळी प्रचंड प्रमाणात संदेश पाठवू लागल्या, तर तीव्र ताप येतो, रक्तदाब कोसळतो आणि अवयव निकामी होऊ शकतात. २०१२ मध्ये अमेरिकेतील एमिली व्हाइटहेड ही बालिका अशाच स्थितीत असताना इंटरल्युकिन-६चा मार्ग अडवणाऱ्या टोसिलिझुमॅब या संधिवाताच्या औषधाने तिचे प्राण वाचवले. त्यामुळे कार-टी उपचारासाठी केवळ पेशी पुरवून भागत नाही. सज्ज अतिदक्षता विभाग, रक्तपेढी, हे औषध आणि पहिल्या तापातच धोका ओळखणारे प्रशिक्षित परिचारक लागतात. परदेशात तीन ते चार कोटी रुपयांना पडणारा उपचार येथे त्याच्या सुमारे एक दशांश खर्चात होत असला, तरी काही लाखांची ही रक्कमही शेतमजूर कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच आहे.

शिवाय कार-टीचे यश आजवर प्रामुख्याने रक्ताच्या कर्करोगांपुरते आहे, तर तंबाखूमुळे गंगेच्या खोऱ्यात तोंडाच्या कर्करोगाचे ओझे मोठे आहे. तेथे वेगळा मार्ग टाटा स्मारक केंद्राच्याच डॉ. विजय पाटील आणि डॉ. कुमार प्रभाष यांच्या चमूने दाखवला आहे. डोके व मानेच्या प्रगत कर्करोगात तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त औषधांना निव्होलुमॅबच्या अवघ्या २० मिलिग्रॅम मात्रेची जोड दिल्यावर एक वर्ष जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. प्रचलित मात्रा २४० मिलिग्रॅमची आहे. पेशींमधील संदेशांची अडवणूक दूर करण्यासाठी दरवेळी महागडी पूर्ण मात्रा लागतेच असे नाही, हे या चाचणीने सुचवले.

धोरणकर्त्यांसमोरील निवड त्यामुळे एका उपचाराची नाही. कार-टीसाठी निवडक केंद्रे सर्वार्थाने सक्षम करणे आणि अल्पमात्रेतील औषधे सरकारी विमा योजनांच्या कक्षेत आणून जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचवणे, या दोन्ही गोष्टी समांतर चालाव्या लागतील. तसे झाले नाही, तर प्रयोगशाळेतील यश मुंबईतच राहील आणि काशीतील रुग्णाला पुन्हा परळच्या रेल्वेचे तिकीट काढावे लागेल.