मेंदूचे घड्याळ आणि शाळेची घंटा

पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी काढला. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेकडे लक्ष वेधले होते. मुले मध्यरात्रीपर्यंत जागी असतात आणि सकाळी लवकर शाळेसाठी उठवली जातात, म्हणून शाळांच्या वेळांचा पुन्हा विचार व्हावा, असे त्यांनी सुचवले होते. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून लागू झालेल्या आदेशावर चर्चा भरपूर झाली. पण ती बसच्या फेऱ्या, वाहतूक कोंडी आणि आईवडिलांच्या नोकरीच्या वेळा यांभोवतीच फिरली. झोप जिथे तयार होते त्या मेंदूचा विचार त्यात फारसा आला नाही. तो केला, तर आदेशाची दिशा योग्य असल्याचे दिसते. मात्र सकाळच्या झोपेची ज्या वयाला सर्वाधिक गरज असते, नेमके तेच वय त्यातून सुटले आहे.

याचा परिणाम मीरा-भाईंदरसारख्या शहरात अधिक जाणवतो. २००१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजार होती. दहा वर्षांत ती ८ लाखांवर गेली. वस्ती अशी झपाट्याने वाढते, तेव्हा शाळांच्या इमारती त्या वेगाने उभ्या राहत नाहीत. म्हणून मुंबई परिसरात एकाच इमारतीत दोन सत्रे भरवण्याची पद्धत रुळली आहे. सकाळचे सत्र सातच्या आसपास सुरू होते आणि दुपारी त्याच बाकांवर दुसरी मुले बसतात. अशा इमारतीत लहान मुलांना नऊच्या आधी बोलवायचे नसेल, तर त्यांच्या वाट्याला दुपार येते आणि सकाळी सातची घंटा मोठ्यांच्या वाट्याला. म्हणजे आठवी ते दहावीची मुले पहाटे उठण्यात आणखीच पक्की अडकतात.

झोपेचा खटका

झोप म्हणजे मेंदूने काम थांबवणे, अशी समजूत बरीच वर्षे होती. तिला पहिला मोठा धक्का एका साथीने दिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात मेंदूज्वराची एक विचित्र साथ पसरली. बरेचसे रुग्ण दिवसेंदिवस झोपून राहत, तर काहींची झोपच उडून जाई. व्हिएन्नातील डॉक्टर कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो यांनी दगावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागाला इजा झालेले रुग्ण झोपेत बुडाले होते. पुढच्या भागाला इजा झालेल्यांना झोप येत नव्हती. जागे ठेवणारी आणि झोपवणारी केंद्रे वेगवेगळी असावीत, हा त्यांचा अंदाज पुढे खरा ठरला.

आज हे चित्र बरेच स्पष्ट आहे. मेंदूच्या देठात आणि हायपोथॅलॅमसमध्ये पेशींचे काही छोटे गट आहेत. ते नॉरॲड्रेनॅलिन, सेरोटोनिन, हिस्टामिन अशी रसायने सोडून संपूर्ण मेंदूला जागे ठेवतात. सर्दीच्या काही जुन्या गोळ्या घेतल्यावर पेंग येते, कारण त्या मेंदूतील हिस्टामिनचा परिणाम रोखतात. याउलट हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागातील पेशींचा एक गट झोपेच्या वेळी सक्रिय होतो आणि जागे ठेवणाऱ्या गटांना गप्प करतो. हे दोन्ही पक्ष एकमेकांना दाबत असतात. एकाचे पारडे जड झाले की दुसरा पुरता थंडावतो. त्यामुळे माणूस सहसा अर्धवट अवस्थेत लटकत नाही. दिव्याच्या खटक्याप्रमाणे तो जागा तरी असतो किंवा झोपलेला तरी. १९९८ मध्ये सापडलेले ओरेक्सिन हे रसायन जागेपणाच्या बाजूला टेकू देते आणि खटका वारंवार उलटण्यापासून वाचवते. ते तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्या तर नार्कोलेप्सी हा आजार होतो. त्याचे रुग्ण बोलता बोलता, जेवता जेवताही झोपेच्या स्वाधीन होऊ शकतात.

दोन हिशेब

हा खटका कधी उलटायचा, हे प्रामुख्याने दोन गोष्टी ठरवतात. स्वित्झर्लंडमधील संशोधक अलेक्झांडर बोरबेली यांनी १९८२ मध्ये त्यांची मांडणी केली आणि झोपेचे शास्त्र आजही मोठ्या प्रमाणावर तिच्यावर उभे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे झोपेचा साठत जाणारा दाब. माणूस जितका वेळ जागा राहतो, तितके ॲडिनोसिन हे द्रव्य मेंदूत साठत जाते आणि झोपेची ओढ वाढते. झोपेत ते उतरते. चहा-कॉफीतील कॅफिन ॲडिनोसिनची जागा अडवते, म्हणून तरतरी येते. पण दाब तसाच राहतो. कॅफिनचा अंमल संपला की तो पुन्हा जाणवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मेंदूचे घड्याळ. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या लगेच वर सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका असतो. तो सुमारे चोवीस तासांचा ताल धरतो. डोळ्याच्या पडद्यावरील काही खास पेशी बाहेरचा उजेड मोजून त्याला रोज वेळ जुळवून देतात. अंधार पडू लागला की या घड्याळाच्या इशाऱ्याने मेलाटोनिन स्रवू लागते आणि शरीराला रात्रीची सूचना मिळते. पेशींच्या आतील घड्याळ जनुकांच्या पातळीवर कसे चालते, हे उलगडणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

या व्यवस्थेत घड्याळावर जबरदस्ती करता येत नाही. गजर लावून माणसाला उठवता येते, पण ‘आता झोप’ असे सांगून मेंदूचा खटका उलटवता येत नाही. दाब पुरेसा साठलेला नसेल आणि घड्याळात अजून संध्याकाळच असेल, तर दिवे मालवून पडले तरी झोप येत नाही.

वयात येताना

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत नेमके हेच घडते. वयात येताना मेंदूचे घड्याळ मागे पडू लागते. मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते आणि हा फरक दोन तासांपर्यंत जाऊ शकतो. शिवाय झोपेचा दाबही लहानपणापेक्षा सावकाश साठतो. त्यामुळे नऊ वर्षांचे मूल ज्या वेळी पेंगू लागते, त्या वेळी पंधरा वर्षांचा मुलगा टक्क जागा असतो. साधारण विशीपर्यंत ही सरकण चालू राहते आणि नंतर घड्याळ हळूहळू पुन्हा लवकरकडे वळते. हा बदल वेगवेगळ्या देशांतील आणि राहणीमानांतील मुलांत आढळला आहे. त्यामुळे त्याचे सगळे खापर मोबाइलवर फोडता येत नाही. मोबाइल मात्र त्यात भर घालतो. त्याचा उजेड घड्याळ आणखी मागे ढकलतो आणि त्यावरची करमणूक जागेपणाचे पारडे जड ठेवते.

आता हिशेब करून पाहावा. सातच्या शाळेसाठी सहाच्या आधी उठावे लागते. तेरा ते अठरा या वयात रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे झोपेच्या वैद्यकातील तज्ज्ञ संस्था सांगतात. आठ तास भरायचे तर मुलाला रात्री पावणेदहाला झोप लागलेली हवी. मेंदूचे घड्याळ त्या वेळी तयार नसते. झोप अकरा-साडेअकराला लागली, तर हाती पावणेसात तास किंवा त्याहूनही कमी उरतात. कापली जाते ती पहाटेची झोप. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, तर स्वप्नांची झोप पहाटेकडे. म्हणून पहाटेचे दोन तास गमावले तर स्वप्नांच्या झोपेचा वाटा प्रमाणाबाहेर घटतो. शिकलेले पक्के होण्याशी आणि भावनांचा तोल राखण्याशी झोपेचा संबंध अनेक प्रयोगांतून दिसला आहे. आठवडाभर साठलेली ही थकबाकी रविवारी दहापर्यंत झोपून भरून काढली जाते. त्याने घड्याळ पुन्हा मागे जाते आणि सोमवारची सकाळ सर्वांत जड होते.

एकोणचाळीस मिनिटांचा फरक

पश्चिम किनाऱ्यावरील शहरांना आणखी एक अडचण आहे. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावरून ठरते. मुंबई आणि मीरा-भाईंदर त्याच्या बरेच पश्चिमेला असल्याने येथील सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे असतो. १९०६ मध्ये प्रमाणवेळ लागू झाल्यावरही मुंबईत कित्येक दशके वेगळी ‘मुंबई वेळ’ पाळली जात होती, ती याच ३९ मिनिटांच्या फरकाची. सूर्याच्या हिशेबाने भाईंदरमधील सातची शाळा सहा वाजून एकवीस मिनिटांनी भरते. जानेवारीत येथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणजे पहिल्या तासाला मुले बाकावर बसतात तेव्हा बाहेर धड उजाडलेलेही नसते. सकाळचा उजेड मेंदूचे घड्याळ पुढे आणतो आणि संध्याकाळचा मागे नेतो. येथील मुलांना शाळेआधी सकाळचा उजेड कमी आणि संध्याकाळी तो उशिरापर्यंत मिळतो.

मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने कॉर्नेल विद्यापीठात असताना भारतातील मुलांच्या झोपेचा याच अंगाने अभ्यास केला. सूर्यास्त तासाभराने उशिरा होत असेल, तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने कमी होते, असे त्यांना आढळले. उशिरा मावळतीमुळे मुले उशिरा झोपतात, पण शाळेची वेळ ठरलेली असल्याने उशिरा उठू शकत नाहीत.

त्यात शहराची दिनचर्या भर घालते. मीरा रोड आणि भाईंदरमधील असंख्य नोकरदार लोकलने मुंबईत जातात. चर्चगेटहून घरी पोहोचायला तासाहून अधिक वेळ लागतो. घरात जेवण उशिरा होते, दिवे उशिरापर्यंत चालू राहतात आणि एक-दोन खोल्यांच्या घरात सगळे एकाच वेळी झोपतात. क्लास संपवून मुलेही रात्रीच घरी येतात. चौथीपर्यंतच्या मुलांचे घड्याळ तसे लवकर उठणारे असते, पण त्यांची रात्र अशी मोठ्यांच्या वेळेला बांधलेली असते. म्हणूनच लहानांना दिलेली नऊची सवलत अनाठायी म्हणता येणार नाही.

इतरत्र काय झाले

अमेरिकेत हा प्रश्न उलट्या टोकाने हाताळला गेला. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत, अशी शिफारस केली. सिॲटल शहराने २०१६ मध्ये मोठ्या मुलांच्या शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली. मुलांच्या मनगटावर उपकरणे बांधून मोजणी झाली, तेव्हा रोजची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढल्याचे दिसले. उशिरा शाळा म्हटल्यावर मुले आणखी उशिरापर्यंत जागतील, ही भीती तिथे खरी ठरली नाही. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा केला आणि तो २०२२ पासून लागू झाला. मोठ्या मुलांच्या बहुतेक सरकारी शाळांना तिथे साडेआठच्या आधी भरता येत नाही. महाराष्ट्राने संरक्षण दिले ते धाकट्यांना, तर कॅलिफोर्नियाने थोरल्यांना.

मात्र सगळीकडे हे जमलेले नाही. फ्लोरिडाने असाच कायदा २०२३ मध्ये केला आणि बसगाड्या, खर्च, वेळापत्रक यांच्या तक्रारींनंतर २०२५ मध्ये मागे घेतला. या अडचणी मीरा-भाईंदरला नव्या नाहीत. सकाळचे सत्र तासभर पुढे गेले तर दुपारचे सत्र सुटायला अंधार पडतो. त्याच बस आणि रिक्षा दोन-तीन फेऱ्या करतात, तेव्हा एक वेळ हलली की सगळ्या हलतात. पालकांना लोकल गाठायची असते. शाळांची वेळ बदलणे हा या शहरात इमारतींचा आणि वाहतुकीचाही प्रश्न आहे, हे मान्य करूनच पुढे जावे लागेल.

तरीही हात बांधलेले नाहीत. सातची शाळा साडेसातला भरवता आली, तर मोठ्या मुलांना रोज अर्धा तास, म्हणजे सहा दिवसांत तीन तास झोप परत मिळते. जिथे तेही शक्य नाही, तिथे पहिल्या तासाला गणिताची चाचणी न ठेवता, उजाडल्यावर मैदानावर कवायत किंवा खेळ घेता येतील. मुलांना उजेड मिळेल आणि घड्याळ थोडे पुढे येईल. घरी रात्री दहानंतर दिवे मंद करणे, संध्याकाळनंतर चहा टाळणे, मोबाइल उशाशी न ठेवणे आणि रविवारी नेहमीपेक्षा एखाद-दीड तासच जास्त झोपू देणे, हे बिनखर्चाचे आहे. पहाटे न उठणाऱ्या मुलाला आळशी ठरवण्याआधी त्याला झोप किती वाजता लागली, हे विचारलेले बरे.

शहरात महापालिकेच्या स्वतःच्या शाळा आहेत. त्यांतील एखाद्या शाळेत वरच्या वर्गांची वेळ एका सत्रापुरती अर्धा तास पुढे नेऊन पाहता येईल. पहिल्या तासाची उपस्थिती, उशिरा येणाऱ्यांची संख्या आणि चाचण्यांचे गुण शाळांच्या नोंदींत असतातच. मुलांच्या झोपेच्या वेळा तेवढ्या नव्याने लिहून घ्याव्या लागतील. असे आकडे हाती असतील, तर पुढच्या आदेशाच्या वेळी चर्चा बसच्या फेऱ्यांवरच अडून राहणार नाही.