धम्म, उत्क्रांती आणि आपली कसोटी

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादच्या वैदिक संमेलनात तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, हा त्यांचा युक्तिवाद. देशातील तीनही विज्ञान अकादमींनी त्याचा प्रतिवाद केला. तरीही २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात उत्क्रांती उरली नाही.

सृष्टीमागे कोणी योजक असावा, असे मानणाऱ्या श्रद्धावंतांची अडचण आम्ही जाणतो. आपल्या धम्मात सृष्टिकर्त्याला स्थान नाही. उत्क्रांती स्वीकारताना आपल्याला काही सोडावे लागत नाही. मात्र येथेच आपली कसोटी आहे. ‘डार्विनच्या आधीच तथागतांनी हे सांगितले’, असे आपल्यातही अभिमानाने म्हटले जाते. प्रतीत्यसमुत्पाद दुःखाची कारणपरंपरा उलगडतो. जीवजातींचा उगम सांगत नाही. पुराव्याऐवजी ग्रंथाची साक्ष काढणे तिकडे चूक असेल, तर इकडेही चूकच.

राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात आनुवंशिकता व उत्क्रांतीचा पाठ आहे. तो शिकवताना मुलांना मालवणच्या खाडीवर न्यावे. चिखलावर परांच्या आधाराने सरकणारी, ओल्या त्वचेतून हवेतला प्राणवायू घेणारी निवटी त्यांना दाखवावी. ती आपली पूर्वज नव्हे. पण मासा पाण्याबाहेर कसा तगतो, हे ती समोर दाखवते.

केवळ ऐकीव आहे वा ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका, असा उपदेश कालामांना झाला होता. तो आपल्या अभिमानालाही लागू करू या.