सध्या काय ऐकताय? जॅझवाल्यांच्या या साध्या प्रश्नाला अचानक इतकं महत्त्व का आलंय

गेल्या वर्षी परीक्षेच्या दिवसांत मी रोज रात्री एकच प्लेलिस्ट लावायचो. नावात 'जॅझ' पण होतं आणि 'कॉफी' पण. हळू पियानो, मधेच सॅक्सोफोन, अभ्यासाला एकदम बेस्ट. हॉस्टेलवर एक सिनियर होता, पक्का जॅझवाला. त्याने सहज विचारलं, "सध्या काय ऐकतोयस?" मी प्लेलिस्टचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "ते नाही रे. अल्बम कुठला? सॅक्सवर कोण आहे?"

मला काही सांगता येईना. मग ॲपमध्ये त्या कलाकाराचं पेज उघडलं. फोटो नाही, माहिती नाही, एकही अल्बम नाही, नुसती सुटी गाणी. प्ले मात्र लाखांत. तीन महिने मी ज्याला ऐकत होतो, तो खरंच कुणी माणूस आहे की नाही, हेच मला माहीत नव्हतं.

जगभरातले जॅझप्रेमी एकमेकांना 'सध्या हा अल्बम ऐकतोय' असं रोज सांगत असतात. आधी मला ही हौशी लोकांची मिरवामिरवी वाटायची. आता वाटतं की ऑनलाइन म्युझिकमध्ये जे हरवत चाललंय, ते हे लोक धरून बसलेत. कसं, ते बघूया.

जॅझवाला शेअर करतो तेव्हा काय पाठवतो?

त्या सिनियरने मला दुसऱ्या दिवशी मेसेज केला. त्यात लिंक नव्हती, फक्त एवढंच होतं: ब्लू ट्रेन, जॉन कोल्ट्रेन, ब्लू नोट, रेकॉर्डिंग १९५७. ट्रम्पेट ली मॉर्गन, ट्रॉम्बोन कर्टिस फुलर, पियानो केनी ड्रू, बेस पॉल चेंबर्स, ड्रम्स फिली जो जोन्स.

म्हणजे अल्बम, मुख्य कलाकार, कंपनी, वर्ष आणि सोबत वाजवणारे सगळे. आपल्याकडे शास्त्रीय मैफलीत तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण हे आधी सांगतात ना, तसंच. जॅझमध्ये बरंचसं संगीत तिथल्या तिथे सुचत जातं, त्यामुळे माणूस बदलला की गाणं बदलतं.

याचं सोपं उदाहरण म्हणजे माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९). यात पाच ट्रॅक आहेत. चारांवर पियानो बिल इव्हान्सचा, पण 'फ्रेडी फ्रीलोडर'वर विंटन केली वाजवतो. एकदा हे कळलं की दोघांच्या हातातला फरक कानाला लगेच जाणवतो. ॲपमधून एखादा ट्रॅक शेअर केला, तर कार्डवर सहसा काय येतं? कव्हर, ट्रॅकचं नाव आणि मुख्य कलाकार. संपलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये स्पॉटिफायने निवडक देशांत ॲपच्या आतच मेसेज पाठवायची सोय आणली. म्हणजे शेअरिंग किती महत्त्वाचं आहे हे कंपन्यांना चांगलं कळलंय. पण शेअर होते ती लिंक. कोण वाजवतंय हे आपल्यालाच लिहावं लागतं.

३० सेकंदांचं गणित

आता थोडं टेक्निकल. स्पॉटिफायवर ट्रॅक किमान ३० सेकंद वाजला की एक स्ट्रीम मोजला जातो. पैसे 'एका स्ट्रीमला इतके' असे ठरलेले नसतात. जमलेल्या रकमेचे वाटे पडतात आणि तुमचा वाटा तुमच्या स्ट्रीमच्या संख्येवर ठरतो. ट्रॅक दोन मिनिटांचा असो की बारा मिनिटांचा, मोजणी एकच. शिवाय २०२४ पासून एखाद्या ट्रॅकला आधीच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम नसतील, तर त्याला रॉयल्टीच मिळत नाही.

कमासी वॉशिंग्टनचा 'द एपिक' (२०१५) घ्या. १७ ट्रॅक, जवळजवळ तीन तास. तुम्ही तो अख्खा ऐकलात तर होतात १७ स्ट्रीम. तेवढ्याच वेळात दोन-दोन मिनिटांच्या ट्रॅकची 'शांत जॅझ' प्लेलिस्ट चालवली, तर ८५ च्या वर जातात. ऐकणाऱ्याचा वेळ तेवढाच, पण वाट्यात पाचपट फरक.

म्हणजे ही मोजणीच छोट्या, एकसारख्या आणि कुणाचं लक्ष वेधून न घेणाऱ्या ट्रॅकच्या बाजूची आहे. मोठे अल्बम करणाऱ्या कलाकाराला इथे आपला श्रोता माणसांकडूनच मिळवावा लागतो. कुणीतरी कुणाला तरी सांगितलं की 'हा अख्खा ऐक', तरच.

बिनचेहऱ्याचं जॅझ

माझ्या प्लेलिस्टसारखा प्रकार एकट्या माझ्यापुरता नाही. अमेरिकन पत्रकार लिझ पेली यांनी डिसेंबर २०२४ मध्ये 'हार्पर्स' मासिकात यावर मोठा रिपोर्ट दिला. त्यांच्या म्हणण्यानुसार, स्पॉटिफायच्या आत 'परफेक्ट फिट कंटेंट' नावाचा कार्यक्रम होता. ठरावीक कंपन्यांकडून स्वस्तात बनलेलं संगीत त्यातून मूडवाल्या प्लेलिस्टमध्ये भरलं जात होतं, आणि या प्लेलिस्टमध्ये जॅझही होतं. यातले वादक खरे असतात, पण टोपणनावांनी, एका बैठकीत ढिगाने ट्रॅक वाजवून देतात. आपण खोटे कलाकार तयार करतो हा आरोप स्पॉटिफायने २०१७ मध्येच नाकारला होता, हेही इथे सांगायला हवं.

त्यावर आता एआयची भर पडलीये. डीझर या फ्रेंच कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की त्यांच्याकडे रोज २०,००० हून जास्त पूर्णपणे एआयने बनवलेले ट्रॅक येतात, म्हणजे रोजच्या अपलोडपैकी १८ टक्के. जून २०२५ पासून ते अशा संगीतावर तसं लेबल लावू लागले. स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं की आधीच्या १२ महिन्यांत त्यांनी साडेसात कोटी स्पॅम ट्रॅक काढून टाकले.

शब्द नसलेलं, मागे चालू ठेवायचं संगीत या सगळ्यात सगळ्यात सोपं सावज आहे. गायकाचा आवाज खोटा असला तर शंका तरी येते. मंद सॅक्सोफोनची शंका कोण घेतो? मी तरी तीन महिने घेतली नाही.

नावं गाळायची सवय जुनीच

पण सगळा दोष मोबाइलला देऊन चालणार नाही. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकन जॅझ बँड वाजवायचे. त्याच शहरात वाजवणारे कितीतरी गोवेकर वादक पुढे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेले. ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट, अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही त्यातली मोठी नावं. जुन्या गाण्यांमधले ते ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन आपल्या आजी-आजोबांना तोंडपाठ आहेत. वाजवणाऱ्यांची नावं मात्र बहुतेक वेळा ना पडद्यावर आली, ना रेकॉर्डवर.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. 'अमर अकबर अँथनी'तल्या (१९७७) गाण्यात हे नाव आलं म्हणून सगळ्या देशाला माहीत झालं. पण या नावाचा खरा माणूस होता आणि तो एवढा मोठा संगीतज्ञ होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

तेव्हा रेकॉर्डवर जागा कमी पडते असं तरी म्हणता आलं असतं. आज स्क्रीनवर जागेची काय कमी आहे?

अल्गोरिदमला जमत नाही ते

शिफारशींमागची एक मोठी पद्धत साधी आहे: तुमच्यासारख्या श्रोत्यांनी हे ऐकल्यावर पुढे काय ऐकलं, ते तुम्हाला दाखवायचं. यात गर्दी जिकडे, तिकडेच आपण जातो. जॅझवाला वेगळ्या वाटेने नेतो. 'ब्लू ट्रेन'वर बेस वाजवणारा पॉल चेंबर्सच 'काइंड ऑफ ब्लू'वर आहे आणि कोल्ट्रेनच्या 'जायंट स्टेप्स'वरही. ली मॉर्गन आवडला? मग त्याचा स्वतःचा 'द साइडवाइंडर' ऐका. त्या सिनियरच्या एका मेसेजमधून मी महिनाभरात चार अल्बम ऐकले, आणि चारही शेवटपर्यंत.

जॅझवाल्यांचंही एक चुकतं. त्यांच्या याद्या १९५०-६० च्या दशकांतून बाहेरच येत नाहीत. कोल्ट्रेन १९६७ मध्येच गेला, आपल्या स्ट्रीमचा त्याला आता काय उपयोग? म्हणून मी एक नियम केलाय: एक जुना अल्बम शेअर केला, की एक आज वाजवणाऱ्याचा.

आपण काय करू शकतो?

१. ट्रॅकच्या मेनूमध्ये जाऊन क्रेडिट्स उघडा. वादकांची नावं दिसली तर उत्तम. काहीच नसेल तर कलाकाराच्या पेजवर जाऊन कार्यक्रम, फोटो, जुने अल्बम आहेत का ते बघा. नाव नाही म्हणजे खोटंच असं नाही, पण शंका घ्यायला जागा आहे.

२. लिंक पाठवताना स्वतः एक ओळ लिहा. किमान एका वादकाचं नाव आणि वर्ष.

३. स्वतःच्या ऐकण्याची नोंद ठेवायची असेल तर लास्ट.एफएम आहे. तिथे ३० सेकंदांहून मोठा ट्रॅक निम्मा किंवा चार मिनिटं, जे आधी होईल तेवढा वाजला तरच नोंद होते. पण ही नोंद इतरांनाही दिसू शकते, तेव्हा प्रायव्हसी सेटिंग आधी बघून घ्या.

४. एखादा आजचा कलाकार खूप आवडला तर बँडकॅम्पवर त्याचा अल्बम विकत घेता येतो. मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी ही कंपनी विक्रीतला स्वतःचा वाटा सोडते.

अभ्यासाला मी अजूनही पियानोच लावतो, त्यात काही पाप नाही. फक्त आता तो कुणाचा हे माहीत असतं. या आठवड्यात 'काइंड ऑफ ब्लू' चालू आहे. 'फ्रेडी फ्रीलोडर' लागला की हातातलं पुस्तक खाली राहतं, कारण आता विंटन केली येणार हे माहीत आहे.

तुम्ही सध्या काय ऐकताय? खाली सांगा. आणि हो, वाजवतंय कोण तेही लिहा!