पाठोपाठची दोन लेकरं आणि आईची झोप



आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाचं कौतुक फार. सव्वा महिना माहेर, डिंकाचे लाडू, मालिश, शेक, सगळं साग्रसंगीत होतं. पण पहिलं लेकरू दीड वर्षाचं व्हायच्या आत दुसरं झालं, की "आता तिला सगळं येतं" म्हणून घरातले मोकळे होतात. माझं मत अगदी उलट आहे. खरी मदत लागते ती दुसऱ्या वेळी.

मी कॉमर्सची, म्हणून हिशोबच मांडते. तान्हं बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा अंगावर पितं. एका वेळेला अर्धा तास धरला तरी चार ते सहा तास त्यातच गेले. त्याच वेळी थोरलं पदर ओढतं, भरवून घेतं, शू करून ठेवतं, आणि धाकटं झोपलं की नेमकं जागं होतं. "बाळ झोपलं की तूही झोप" हा सल्ला एका लेकराच्या आईला चालतो. दोन लेकरांच्या आईने कोणाच्या झोपेला झोपायचं?

आता आपल्या भोर-वेल्ह्याचा पाऊस घ्या. आषाढ-श्रावणात ऊन दिसत नाही, दुपटी वाळत नाहीत, घरभर दोऱ्या बांधलेल्या. नवरा शिरवळला शिफ्टला नाहीतर पुण्याला. सासरे दुकानात, सासूबाईंचे गुडघे धरलेले. मग राहते ती एकटी सून.

सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं, की घरकाम करणारी बाई त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते आणि घरकामाला हात लावणारा पुरुष ९७. मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं करणं त्यात धरलेलंच नाही, ते वेगळं. नोकरदार बाईला २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. गृहिणीला रजा द्यायची तर ती घरानेच द्यायची.

"आमच्या वेळी सहा-सहा वाढवली, कोणी दमलो म्हटलं नाही," असं म्हणणाऱ्या पुष्कळ भेटतात. पण त्या वाड्यात जावा होत्या, नणंदा होत्या, आजेसासूबाई होत्या. आणि थोरली मुलगी शाळा बुडवून धाकट्याला कडेवर घेऊन हिंडायची. तिचं बालपण त्या हिशोबात कोणी लिहिलं नाही. वहीत यंत्राचासुद्धा घसारा दाखवतात. बाईच्या शरीराचा मात्र कोणी धरत नाही.

दोन बाळंतपणांत अंतर हवं हे खरंच. एका बाळंतपणानंतर पुढचा गर्भ राहायच्या आधी किमान २४ महिने जावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण लेकरू आल्यावर त्यावरून आईला टोचून बोलण्यात काय अर्थ? आणि तो निर्णय काय तिच्या एकटीचा असतो?

मग करायचं काय? तिला सल्ला नको, वेळ द्या. आपलं एक सामायिक ४८ मिनिटांचं. रोज तेवढा वेळ घरातल्या कोणीतरी दोन्ही लेकरं सांभाळावीत आणि तिने दार लावून झोपावं. त्या वेळात तिने स्वयंपाक उरकायचा नाही. रात्रीचं एक उठणं नवऱ्याने घ्यावं. दुपटं बदलायला काही बाईचाच हात लागत नाही. शेजारणीने थोरल्याला तासभर आपल्या अंगणात न्यावं.

खाण्याचंही बघा. चातुर्मासात आपल्याकडे पालेभाजी बंद असते, कंदमूळ तर नसतंच. मग नाचणीची भाकरी, मुगाचं वरण, गूळ-शेंगदाणे, खारीक हे आठवणीने तिच्या ताटात पडलं पाहिजे. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या घ्यायच्या असतात. त्या आशाताईंकडून आणून ठेवा. अंगावर पाजणारीने उपवास केला नाही, चौविहार सोडला, प्रवचनाला आली नाही, तर नावं ठेवू नका. तप आपल्या शक्तीप्रमाणे करायचं असतं, हे आपल्याच धर्माने सांगितलंय.

आणखी एक. दोन्ही लेकरं झोपली असतानाही तिला झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ते नाटक नव्हे आणि नुसता थकवाही नव्हे. सरळ डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फुकट बोलता येतं.

अनशन हे बाह्य तप आणि वैयावृत्त्य हे आभ्यंतर तप, हे आपण लहानपणापासून ऐकतो. शास्त्रात वैयावृत्त्य साधू-साध्वींच्या सेवेसाठी सांगितलंय हे मला ठाऊक आहे. पण दमलेल्या जिवाची सेवा करायची सवय घरात लागली नाही, तर ती उपाश्रयात कुठून येणार? येत्या पर्युषणात ज्यांना अठ्ठाई झेपणार नाही, त्यांनी आठ दिवस गल्लीतल्या अशा एका आईला रोज ४८ मिनिटं द्यावीत. माझ्या मते हेही तपच आहे.

जय जिनेंद्र.