एका बाजूचा पाटा

ऊसतोड सुरू झाली की सणसरच्या रस्त्याने भवानीनगरच्या कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्या बघत उभं राहायची माझी जुनी खोड. त्यात एखादी तरी पुढून डावीकडे कललेली दिसतेच. मालकाला विचारा, उत्तर ठरलेलं : "एक पाटा वाढवला की झालं!"

मंडळी, माझं भांडण या 'की झालं'शी आहे.

गेल्या हंगामात आम्हीही तेच केलं. सहाचाकी गाडी डावीकडे बसली होती. रस्त्याकडेच्या एका मिस्त्रीने पुढच्या डाव्या बाजूला एक जाड पाटा चढवला. गाडी सरळ दिसायला लागली. दादा खूश, मीही खूश. चौथ्या दिवशी रिकामी गाडी घेऊन येताना डावं चाक खड्ड्यात आपटलं, स्टेअरिंगला हिसका बसला आणि गाडी उजवीकडे ओढली गेली. समोरून सायकलवर शाळेची दोन पोरं येत होती. थोडक्यात वाचली. दादा त्या रात्री जेवला नाही. दोष त्या पाट्याचाच होता असं शपथेवर सांगणार नाही मी. पण तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

साधा हिशेब बघा. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. १० मिमीच्या जागी १२ मिमीचा पाटा घातला तर तो एकटा जवळजवळ पावणेदोन पट ताठर. म्हणजे आपण उंची सारखी केली, पण एक बाजू कडक आणि एक मऊ करून ठेवली. उभी गाडी सरळ दिसते, पण खड्ड्यात दोन्ही चाकं वेगवेगळी वागतात. हा इलाज नव्हे, ही रंगरंगोटी.

आणि गाडी कलली का, हे कुणी बघितलं? सपाट जागा, रिकामी गाडी, दोन्ही टायरांत सारखी हवा, मग दोन्हीकडे ॲक्सल ते चासी टेपने मोजायचं. मडगार्डवरून नाही! कधी मागचा पाटा तुटलेला असतो, कधी शॅकल झिजलेला, कधी ऊसच एका अंगाला भरलेला. पुढचा पाटा खरंच थकला असेल तर दोन्ही बाजूंचे पाटे एकदम उतरवून बाक द्या, नाहीतर दोन्ही बाजूंना नवे घाला. यू-बोल्ट पुन्हा आवळा, अलाइनमेंट तपासा.

तुम्ही म्हणाल, हंगामात दोन दिवस गाडी उभी ठेवणं परवडतं का? नाही परवडत, मान्य. पण खरं दुखणं वेगळंच आहे. पाटा वाढवतो तो गाडी सरळ करायला नाही, आणखी दोन टन भरायला. २०१८ साली सरकारने पुढच्या दोन चाकांच्या ॲक्सलची मर्यादा ६ टनांवरून ७ टन केली. आम्ही तीही पुरवून उरलो. जादा पाट्याने ब्रेक मोठे होत नाहीत, टायर जाड होत नाहीत आणि आरसी बुकातला आकडाही बदलत नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीने शहाणं व्हायचं, हीच लाज वाटण्यासारखी गोष्ट.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामाला येते. तेव्हा गाडी बाजूला घेऊन हात जोडणारे आम्हीच. उरलेलं वर्षभर त्या रस्त्यावर माणसं चालत नाहीत का?

आम्ही तो पाटा काढला. दोन्ही बाजू नव्याने बांधल्या. खेपा बुडल्या त्या बुडल्या. दादा आता भरताना वजन विचारतो... असो. बघा पटतंय का.