बाटलीची खरी किंमत

जिजामातेच्या जन्मस्थानामुळे सिंदखेडराजा हे नाव महाराष्ट्रात लहानथोरांच्या ओठी असते. १ जुलै २०२३ रोजी मात्र ते एका शोकवार्तेमुळे देशभर गेले. नागपूरहून पुण्याला निघालेली एक खासगी बस मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर पिंपळखुटा गावाजवळ उलटली, पेटली आणि २५ प्रवासी प्राणांस मुकले. टायर फुटला, असे चालकाचे म्हणणे होते. पुढे त्याच्या रक्ततपासणीत मद्याचा अंश आढळल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. दोष ठरविणे हे न्यायालयाचे काम. परंतु चालकाने मद्य घेतले तर त्याची किंमत कोण चुकविते, हा प्रश्न सर्वांचाच आहे.

बाटलीवर छापलेली किंमत घेणारा देतो आणि व्यवहार संपला असे समजतो. तो गाडी घेऊन रस्त्यावर आला म्हणजे उरलेली किंमत वसूल होऊ लागते, आणि ती बहुधा दुसऱ्याकडून. कपाशीच्या शेतातून घरी परतणारा सायकलस्वार त्या गाडीखाली सापडला, तर औषधपाण्याचा खर्च त्याच्या घरावर पडतो. पाय अधू झाला, तर ऐन पेरणीत मजूर लावावे लागतात. बैलजोडी विकली जाते. थोरल्या मुलीची शाळा सुटते. त्या बसमधील मृतांच्या वारसांना राज्य शासनाने प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले. तेही द्रव्य अखेर जनतेच्या करांतूनच येते. भारतात २०२२ या एका वर्षी १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मृत्यू पावली, आणि त्यांतील बहुतेक कमावत्या वयाची होती. सर्वांच्या मुळाशी दारू होती असे नव्हे. भरधाव वेग हे तिच्याहून मोठे कारण. पण वेग आवरणारी बुद्धीच मद्य आधी हिरावून नेते!

दारूमुळे शासनाला उत्पन्न मिळते, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढविले, तेव्हा वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपयांची भर अपेक्षिली होती. मात्र ही जमा एका वहीत दिसते आणि खर्च हजारो घरांच्या वह्यांत विखुरतो. शिवाय, कांदा महागला की गृहिणी तो कमी घेते. व्यसनी मनुष्य मात्र दारूऐवजी मुलांचे दूध कमी करतो. म्हणून केवळ दर वाढवून भागत नाही.

सहज हाती लागणारी वस्तू अधिक खपते. हे जाणून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीस मनाई केली. लगोलग काही ठिकाणी महामार्गांचा दर्जाच बदलण्यात आला, आणि पुढे शहरांच्या हद्दीत सवलतही मिळाली. रस्त्याचे नाव बदलल्याने त्यावरून जाणारा चालक कसा शुद्धीवर राहील, हे कोणी सांगितले नाही.

महाराष्ट्रात गावातील स्त्रियांना मतदानाने दारूचे दुकान बंद करता येते. मतपत्रिकेवर एक बाटली उभी आणि एक आडवी असते. आडवीला केवळ झालेल्या मतदानातील नव्हे, तर यादीतील एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात. त्यामुळे त्या दिवशी जी घरीच राहते, तिचे मत जणू उभ्या बाटलीलाच पडते.