वृक्षपरिचय : उंबराचे फूल

पुष्कळ दिवसांनी एखादा भाचा घरी आला की आजी म्हणते, ‘‘अगदी उंबराचे फूल झालास रे!’’ उंबराचे फूल कोणाच्या दृष्टीस पडत नाही, म्हणून हा वाक्प्रचार. परंतु फुलावाचून फळ कसे धरेल? मग हा वृक्ष फुलतो तरी कोठे?

आंब्याचा मोहोर डहाळीच्या टोकाशी येतो. उंबर मात्र थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसांनी लगडतो. ज्याला आपण उंबराचे फळ म्हणतो, ती वस्तुतः फुलांची मिटलेली कुपी होय. तिच्या आतल्या बाजूस शेकडो इवली फुले दाटीने बसलेली असतात.

कुपीच्या टोकाला एक सूक्ष्म द्वार असते. गांधीलमाशीच्या कुळातील चिलटाएवढी मादी त्यातून आत शिरते. वाट इतकी अरुंद की तिचे पंख तुटतात. ती काही फुलांत अंडी घालते, सोबत आणलेले परागकण इतर फुलांना देते आणि तेथेच देह ठेवते. अंड्यांतून निघालेली पिल्ले त्या फुलांतच वाढतात. पुढे बिनपंखी नर बाहेर पडण्याचा मार्ग कोरतात आणि नव्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडून जातात. वृक्षाने जागा द्यावी, माशीने पराग द्यावा. दोघांचाही जमाखर्च चोख! त्यानंतर फळ लाल होते, बुलबुल आणि वटवाघळे ते खातात व बी दूरवर नेतात.

वड, पिंपळ, उंबर आणि त्यांची आणखी दोन भावंडे मिळून होणारी पंच उदुंबर फळे आपल्या घरांत वर्ज्य आहेत. ‘का?’ असे विचारले की ‘त्यांत जीव असतात’ एवढेच उत्तर मिळते. लहानपणी मला ते खरे वाटले नाही. मी एक उंबर फोडला. आत वळवळणारे बारीक जीव पाहून हात थिजला. आजी रागावली नाही. तिने ती दोन्ही शकले अलगद उचलून झाडाच्या बुंध्याशी सावलीत नेऊन ठेवली. त्या दुपारी मला जेवण गेले नाही.

तुम्ही फळ फोडू नका. झाडाखाली गळून पडलेला उंबर नुसता निरखून पाहा. सालीवर टाचणीच्या टोकाएवढे भोक दिसले, तर ती माश्यांची बाहेर पडण्याची वाट असू शकेल.